दोन गडांच्या मधलं

राजगड झालाय? पुण्या-मुंबईच्या कॉलेजात असाल तर बहुतेक झालेलाच असतो. सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून काढलेला फोटो कधी ना कधी डीपीला लागलेला असतो. तोरणाही झालेला असतो, निदान पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, पाचशे माणसांच्या रांगेतून. मग मला सांगा, या दोन गडांच्या मधलं केलंयत का?

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून पश्चिमेला बघा. समोर तोरण्याचा अजस्र पसारा दिसतो आणि त्याच्या एका अंगाला बुधला नावाचा सुळका. एखादा तेलाचा बुधला उपडा घालून ठेवावा तसा. तुमच्या पायाखालच्या माचीपासून त्या बुधल्यापर्यंत डोंगराची एक धार जाते. कुठे रुंद, कुठे बैलगाडी जाईल एवढी, कुठे दोन माणसं शेजारी-शेजारी चालली तर तिसऱ्यानं मागे थांबावं एवढी. चालायचं अंतर साधारण बारा-तेरा किलोमीटर. ट्रेकवाले तिला ‘राजगड-तोरणा रेंज’ म्हणतात. सह्याद्रीत याहून अवघड वाटा पुष्कळ आहेत. रोप लावायला लागत नाही, कुठे कड्याला लटकायला लागत नाही. तरीही या वाटेवर दर सीझनला कुणी ना कुणी रडकुंडीला येतं. एके वर्षी आम्ही आलो होतो. ते सांगतेच, पण आधी ही धार म्हणजे काय प्रकरण आहे ते बघू.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे हे दहावीच्या भूगोलात वाचलेलं असतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहून आला आणि थरावर थर बसले. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाण्यानं ठिसूळ थर पोखरले की तिथे उतार होतो, कठीण थर उभा राहतो तिथे कडा होतो. म्हणून तर आपले डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. आता कल्पना करा की अशा डोंगराला दोन्ही बाजूंनी नद्या खातायत. उत्तरेकडून कानंद आणि गुंजवणी, दक्षिणेकडून वेळवंडी. दोघींनी खाऊन मधे जे उरलं ती ही धार. पावसाळ्यात तुमच्या उजव्या खांद्यावर पडलेला थेंब कानंदीच्या खोऱ्यात जाणार आणि डाव्या खांद्यावरचा वेळवंडीला, म्हणजे भाटघर धरणात. पुढे दोघी नीरेलाच मिळतात ही गोष्ट वेगळी.

हे भूगोलाचं पुराण लावण्यामागे कारण आहे. धार म्हणजे पाणी वाहून जाण्याची जागा. तिथे पाणी साठत नाही. दोन्ही बाजूंना खोऱ्यांत पाणी चमकताना दिसत राहतं आणि तुमच्या हाताशी मात्र थेंब नसतो. दुसरं असं की धारेवर सावली नाही. कारवीची रानं लागतात, त्यात शिरलं की डोक्यावर कारवी असते खरी, पण तिथे वारा मरतो आणि उकडून निघतं. आणि तिसरी गोष्ट, जी रीलमध्ये कधीच दिसत नाही: एकदा धारेवर लागलात की मधेच ‘चला, उतरू या खाली’ असं होत नाही. दोन्ही बाजूंना घसाऱ्याचे उतार आणि कडे. बाहेर पडायची सोपी जागा मधे एकच आहे. तिच्याबद्दल पुढे.

आता जायचं कसं? पुण्याहून सातारा रस्त्यानं नसरापूर फाटा, तिथून मार्गासनी. मार्गासनीहून सरळ गेलं की वेल्हे, म्हणजे तोरण्याचा पायथा, आणि डावीकडे साखरमार्गे गुंजवणे, म्हणजे राजगडाचा पायथा. गुंजवण्यातून चोर दरवाजानं चढणारे जास्त, पण रेंज करायची असेल तर पाली गावातून पाली दरवाजानं चढा. पायऱ्यांची वाट आहे, दम कमी जातो आणि दरवाजातून आत गेलं की संजीवनी माची जवळच. स्वतःची गाडी नेऊ नका. सुरुवात एका पायथ्याला आणि शेवट दुसऱ्या पायथ्याला, मग संध्याकाळी फुटलेल्या पायांनी गाडी आणायला कोण जाणार यावरून दोस्त्या तुटतात. एसटी किंवा वडाप.

आमच्या सीनिअर्सच्या काळात पद्मावतीच्या देवळात रात्री झोपायचं आणि पहाटे रेंजला लागायचं असा शिरस्ता होता. त्यांच्या गोष्टी ऐकून तुम्हीही तसाच प्लॅन कराल, तर थांबा. पुरातत्त्व खात्यानं राजगडावर मुक्कामाला मनाई केली आहे. शिवाय २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत राजगड आहे, त्यामुळे नियम सैल होतील अशी आशा धरू नका. पायथ्याच्या गावात घरगुती सोय होते. पिठलं-भाकरी मिळते, अंगणात झोपायला मिळतं, आणि पहाटे अंधारात कुठली वाट धरायची हे सांगणारं माणूसही मिळतं. पण यामुळे एक फरक पडतो, तो लक्षात घ्या. पूर्वी रेंजचा दिवस माचीवरून सुरू व्हायचा, आता पायथ्यापासून सुरू होतो. म्हणजे आधी एक अख्खा गड चढायचा आणि मग ‘सुरुवात’ करायची. दिवस तेवढाच, चाल वाढली.

संजीवनी माचीवर मात्र घाई करू नका. या माचीची लांबी अडीच किलोमीटर. तीन टप्प्यांत उतरत गेलेली, एकूण एकोणीस बुरूज, आणि बुरुजाच्या आत बुरूज अशी चिलखती बांधणी. दोन भिंतींच्या मधल्या फटीतून खाली उतरून बघा, बाहेरची भिंत पडली तरी आतली लढत राहावी असा हिशोब कुणीतरी साडेतीनशे वर्षांपूर्वी केलाय हे हाताला लागतं. पंचवीसेक वर्षं ही स्वराज्याची राजधानी होती. रायगड नंतरचा. आपण राजधानी म्हटलं की रायगडावर उडी मारतो, म्हणून सांगितलं.

माचीवर आळू दरवाजा आहे. राजगडाला रामराम करायचा तो इथे. दरवाजातून बाहेर पडलात की वाट तीव्र उतारानं खाली सुटते आणि पायाखाली मुरूम, गोटे. इथे पहिल्या दहा मिनिटांत कळतं कुणाच्या बुटांना ग्रिप आहे आणि कुणी ‘चालेल रे’ म्हणून कॉलेजचे स्नीकर्स घातलेत. बसून उतरा, लाज वाटू देऊ नका. घसाऱ्यावर बसणारा माणूस हुशार असतो.

मग धार सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलात तर गवत कमरेएवढं, सोनेरी पडत चाललेलं. वारा आला की सगळी धार एका बाजूला लवते. कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि घरी पोचल्यावर आईच्या शिव्यांसकट बाहेर निघतात. मागे वळून बघितलं की बालेकिल्ला हळूहळू लांब जातोय, पुढे बुधला मात्र जवळ यायचं नाव घेत नाही. डावीकडे भाटघरचं पाणी बोटं पसरल्यासारखं खोऱ्याखोऱ्यांत शिरलेलं. हवा स्वच्छ असेल तर सिंहगडाचा टॉवर, पुरंदर, सगळे आपापल्या जागी दिसतात. आपण पुण्यात राहतो आणि या सगळ्याला ‘बाहेरगाव’ म्हणतो, पण इथून बघताना पुणंच कुठेतरी धुरकटात हरवलेलं असतं.

वाट चुकायची तर इथेच चुकते, आणि ती गंमत समजून घ्या. मुख्य धारेला दोन्ही बाजूंनी सोंडा फुटलेल्या असतात. त्या सोंडांवर गुरं चरायला जातात, त्यामुळे ढोरवाटा अगदी मळलेल्या. तुम्ही गप्पा मारत चालताय, समोर छान वाट आहे, उतारही सोपा आहे, आणि वीस मिनिटांनी लक्षात येतं की आपण भलत्याच सोंडेवरून कुणाच्या तरी गावाकडे चाललोय. चुकीची वाट नेहमी सोपी असते हे सुभाषित नाही, डोंगराचा आकारच तसा आहे. धार चढ-उताराची, सोंड नुसती उताराची. आमच्याबरोबर दुसऱ्या वेळी आलेल्या एका अनुभवी दादानं सोपा नियम दिला. दोन्ही हात पसरायचे. डाव्या हाताला भाटघरचं पाणी, उजव्या हाताला वेल्ह्याकडचं खोरं आणि नाकासमोर बुधला असं असलं पाहिजे. वाट कधीकधी डोंगराच्या पोटातून वळसा घालते, तेव्हा एक बाजू दिसेनाशी होते, ते ठीक. पण पंधरा मिनिटं झाली आणि परत धारेवर आला नाहीत तर थांबायचं आणि जिथे दोन्ही बाजू दिसत होत्या तिथपर्यंत मागे जायचं. ‘पुढे कुठेतरी मिळेल वाट’ म्हणणाऱ्याला गप्प करायचं. मोबाइलवर नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, धारेवर रेंज कधी येते, कधी जाते. (रेंजवर रेंज नाही, हा जोक आमच्या ग्रुपमध्ये दर तासाला एकदा होतो.)

आता आमचं.

आम्ही सेकंड इयरला होतो. सात जण, दिवाळीच्या सुटीत, ऑक्टोबर संपत आलेला. प्लॅन मी केलेला, त्यामुळे लीडर मी. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव ‘राजगड टू तोरणा’, शेजारी दोन तलवारींची इमोजी. आमच्यात एक जण होता, त्याला आम्ही ‘इंजिन’ म्हणायचो. कॉलेजच्या फुटबॉल टीममधला, कधी न थकणारा, दुसऱ्याची सॅकही उचलणारा. सकाळी चढताना दोघी जणी मागे पडल्या तर त्यानंच त्यांना ‘फट्टू’ म्हणून चिडवलं होतं.

पायथ्यालाच पोह्यांपायी तासभर उशीर. मग माचीवर फोटो. आळू दरवाजातून बाहेर पडलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मी पुढे होते. वाट शोधायची म्हणून पुढे, आणि खरं सांगायचं तर पुढे राहायला मला आवडत होतं म्हणूनही. अकरानंतर ऊन जे तापलं, ते गवतातून परत वर अंगावर यायला लागलं. ऑक्टोबर हीट हा शब्द आपण फॅनखाली बसून वापरतो. धारेवर त्याचा अर्थ वेगळा असतो.

राजगड आणि तोरण्याच्या साधारण मधे एक डांबरी रस्ता ही धार ओलांडतो. वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा. रानातून तासन्‌तास चालत आल्यावर अचानक समोर काळा डांबर, त्यावर पांढरा पट्टा, आणि एखादी बाइक भुर्रकन निघून जाते. पहिल्यांदा बघताना थोडा अपमानच वाटतो. एवढं मर-मर चालून आलो आणि इथे लोक गाडीनं येतात! बहुतेक ग्रुप तिथे दोन मिनिटं टेकतात आणि पुढे जातात, कारण त्या रस्त्याचा फोटो कुणाला काढायचा नसतो.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा एक वाजला होता. कडेला आडोसा करून एक आजी लिंबू-सरबत आणि ताक घेऊन बसली होती. आम्ही हुश्श करून सावलीत पडलो. इंजिन सगळ्यात शेवटी आला. मी त्याला शेवटचं कधी बघितलं होतं हे मला आठवत नव्हतं. तासभर तरी झाला असेल. तो बसला नाही, उभाच राहिला, आणि हसला. आजीनं ताक ओतता ओतता त्याच्याकडे बघितलं.

“ह्या पोराला पानी कवा पाजलं व्हतं?”

“पितोय की तो, आजी,” मी म्हटलं.

“न्हाय पीत. तोंड बघ की त्याचं. घाम आटलाय.”

मी बघितलं. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि त्याचं कपाळ कोरडं होतं. चेहरा लाल, ओठ पांढरे. आजीनं मला विचारलंही नाही. त्याचा हात धरून खाली बसवला, पदर पाण्यात बुडवून त्याच्या मानेवर टाकला आणि ताकात मुठीनं मीठ घातलं. “सावकाश. घोटाघोटानं,” ती त्याला म्हणाली. पहिला ग्लास त्यानं ओकून टाकला. दुसरा पोटात राहिला.

मग हळूहळू बाहेर आलं. त्यानं सकाळी एकच लिटर पाणी घेतलं होतं, कारण सॅकमध्ये ग्रुपचा ट्रायपॉड होता. त्यातलं निम्मं त्या मागे पडलेल्या दोघींना दिलं. साडेदहा-अकरापासून त्याच्याकडे पाणी नव्हतं. डोकं दुखत होतं, मळमळत होतं, तरी बोलला नाही. “सकाळी मीच सगळ्यांना फट्टू म्हणत होतो ना,” तो म्हणाला. म्हणजे आमच्यातला सगळ्यात दणकट माणूस दीड-दोन तास गप्प राहून आजारी पडत गेला आणि सहा जणांपैकी एकालाही कळलं नाही. कळायला लीडर मागे असायला हवी होती. ती पुढे होती, हवेत.

पण लाज वाटावी असं खरं तर याच्यानंतर घडलं. अर्ध्या तासानं त्याला जरा बरं वाटायला लागलं आणि आमच्यात चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, दोघांनी याला घेऊन खाली जावं, बाकीच्यांनी तोरणा करावा, इतकं आलोय. दुसरा म्हणाला, आता ठीक आहे तो, हळूहळू जाऊ. इंजिन स्वतःसुद्धा म्हणाला, “चला, मी ओके आहे.” आणि मी, खरं सांगते, मनात हिशोब करत होते. दीड वाजलाय, चार तास धरले तर साडेपाच, मग वेल्ह्याचा उतार, टॉर्च आहेत... मी जवळजवळ ‘हो’ म्हणणारच होते. समोर बुधला इतका जवळ दिसत होता.

आजी आमचं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “म्होरं पानी न्हाय. आन्‌ उतरायला रस्ता बी न्हाय. हितं हाय.”

तो रस्ता म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या डांबरी रस्त्याकडे नीट बघितलं. अर्ध्या तासात एक पिकअप आला. मागे दुधाचे कॅन होते, कॅनच्या मधे आम्ही सातही जण. वेल्ह्याला डॉक्टरांनी इंजिनला सलाइन लावलं आणि आम्हाला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. त्यातलं छापण्यासारखं एवढंच की घाम थांबणं, अंग तापणं आणि माणूस भलतंसलतं बोलायला लागणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत, आणि ती धारेवर दिसली तर पुढचा दवाखाना किती लांब आहे हे आधी ठाऊक असलेलं बरं. इंजिन त्या टोकाच्या अलीकडेच होता. आणखी दोन तास चालला असता तर नसता.

परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही. रात्री ग्रुपवर कुणीतरी नाव बदललं. ‘राजगड टू डांबरी’.

पुढच्या वर्षी डिसेंबरात आम्ही परत गेलो. सातपैकी पाच, आणि इंजिन अर्थातच. यावेळी काय बदललं ते सांगते, तुमच्या कामाचं आहे. प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचं चार लिटर पाणी, निघायच्या आधी सगळ्यांसमोर मोजलेलं. ‘वाटेत सरबत मिळतं’ हे धरायचं नाही. आजी असली तर नशीब, नसली तर नाही. ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, चपातीचे रोल. ट्रायपॉड नाही, स्पीकर नाही. स्पीकरचं तर असंही कारण आहे की या दोन्ही गडांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात, आणि त्यांना तुमची प्लेलिस्ट आवडेलच असं नाही. उग्र परफ्यूम आणि धूरसुद्धा टाळा.

लीडर यावेळीही मीच, पण चालत होते सगळ्यात मागे. पुढे वाट बघायला तो अनुभवी दादा. दर तासाला थांबायचं, आणि ‘ठीक आहे ना?’ असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. बाटली वर करून दाखवायची. किती उरलंय ते डोळ्यांनी दिसतं. ही युक्ती इंजिनची.

आणि वेळ. आम्ही पालीतून पहाटे पाचला निघालो, आळू दरवाजा साडेआठला सोडला. घरी बसूनच ठरवलं होतं की डांबरी रस्त्यावर बारापर्यंत पोचलो नाही, किंवा पोचलो पण कुणाकडे दीड लिटरपेक्षा कमी पाणी असलं, तर तिथूनच वेल्ह्याला उतरायचं, सगळ्यांनी, चर्चा न करता. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य जातो. तोरण्यावरून वेल्ह्याला उतरायला दोन-अडीच तास लागतात आणि ती वाट अंधारात उतरायची नाही. उलटा हिशोब केला की बारा वाजतातच. हे घरी का ठरवायचं? कारण तिथे, बुधला समोर दिसत असताना, डोकं वकिलासारखं चालायला लागतं. माझं चाललं होतं.

आम्ही सव्वाअकराला रस्त्यावर होतो. आजी नव्हती. जिथे तिचा आडोसा होता तिथे नुसत्या चार दगडांची चूल होती. थोडं वाईट वाटलं, तिला इंजिन दाखवायचा होता.

दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा चढाचा आहे. टेकाडामागून टेकाड येत राहतं, प्रत्येक वेळी वाटतं की आता हेच शेवटचं. कारवीच्या रानातून वाट जाते, काठ्या अंगावर ओरखडे काढतात. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. आमच्या नशिबात नुसत्या काठ्याच होत्या. मग एकदम बुधल्याचा कडा अंगावर येतो. इथवर तो सुळका म्हणून बघत आलेला असता, आता त्याच्या पायाशी उभे असता आणि मान मागे करूनही पुरत नाही. शेवटच्या टप्प्यात कातळात लोखंडी शिडी लागते. एका वेळी एकच जण, सॅकचे पट्टे घट्ट, खालचा माणूस शिडीच्या रेषेतून बाजूला. वरून दगड सुटतात. दमलेले पाय इथे थरथरतात, म्हणून शिडीच्या आधी दहा मिनिटं बसून काहीतरी खाच.

वर आलात की बुधला माची, आणि तिथून कोकण दरवाजानं गडाच्या मुख्य भागात. तोरण्याला प्रचंडगड का म्हणतात हे इथे पाय सांगतात. रेंज संपली असं वाटत असताना अजून अख्खा गड चालायचा असतो. हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, ४,६०३ फूट. मेंगाई देवीच्या देवळापाशी टेकलो. टाक्याचं पाणी भरलं, गाळून, क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबायला लागतं, तोवर इंजिन ओट्यावर घोरत होता. मी राजगडाकडे तोंड करून बसले. सकाळी जिथे उभे होतो ती माची आता एका बोटाएवढी दिसत होती आणि मधे ती सगळी धार, वळत-वाकत आलेली. मधोमध एका ठिकाणी काळी बारीक रेघ तिला ओलांडून गेलेली. नीट बघितलं तरच दिसते.

बिनी दरवाजातून उतरायला लागलो तेव्हा साडेतीन. गुडघे बोलत होते. वेल्ह्यात पोचलो तेव्हा उजेड होता. स्टँडसमोर चहा सांगितला, मिसळ सांगितली, परत चहा सांगितला. इंजिननं टपरीवाल्याला विचारलं, भुतोंड्याच्या रस्त्याला ताक विकायला बसायची ती आजी कुठल्या वाडीची? त्याला ठाऊक नव्हतं. बारा गावच्या बाया बसतात, म्हणाला, सुटीच्या दिवशी येऊन बघा.

एसटी आली. पाच जणांना मिळून दोन सीट मिळाल्या. कुणीतरी मोबाइल काढून म्हणालं, आता तरी ग्रुपचं नाव बदलू या की. इंजिननं डोळे न उघडता मान हलवली. नाही म्हणाला. ग्रुपचं नाव अजून तेच आहे.